कमरेला नव्हे, खुब्याला

मुरबाडच्या सिद्धगडावरून उतरताना कुणी कोसळला आणि ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं मोडलं, तर बाहेर थेंबही न दिसता आत काही लिटर रक्त साचू शकतं. ते बहुधा शिरांतून आणि हाडाच्या तुटल्या कडांतून झिरपतं, म्हणून कडं आवळणं हा पहिला उपाय. त्यासाठी घडी घातलेली चादर, नाहीतर नऊवारीही चालते. मात्र ती कमरेला नव्हे, खुब्याची हाडं बाजूला हाताला लागतात तिथे बांधायची. नुसत्या बांधण्यानं जीव वाचतातच, याचा पुरावा पक्का नाही, हा आक्षेप खरा. पण रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडही पहिल्या ३ तासांतच उपयोगी, असं ‘क्रॅश-२’ चाचणीच्या २०११च्या विश्लेषणात दिसलं. गडावरून खाली आणण्यातच तेवढा वेळ जाऊ शकतो, म्हणून जागच्या जागी हाताशी उरतं ते बांधणंच. कडं हलवून तपासण्याचा मोह टाळावा, जमलेली गुठळी त्यानं सुटते.