हृदयाची कृत्रिम झडप

मानवी हृदयात चार झडपा असून रक्ताचा प्रवाह एकाच दिशेने चालू ठेवणे हे त्यांचे कार्य होय. मिनिटास ७२ ठोके धरले, तर वर्षाकाठी सुमारे पावणेचार कोटी वेळा या झडपा उघडतात व मिटतात. त्यांच्या जागी बसवावयाच्या वस्तूची कसोटी किती कठीण असावी, याची कल्पना यावरून यावी.

आपल्या देशात झडपा निकामी होण्याचे बीज पुष्कळदा बालपणीच पडते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा घसा विशिष्ट जंतूंमुळे सुजतो. उपचार न झाल्यास काहींना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात आणि बरेही होतात. झडपांवरचे व्रण मात्र राहून जातात. ऐन तारुण्यात धाप लागू लागली म्हणजे आजार उघडकीस येतो. अशा रुग्णांपैकी बहुतेकांना परदेशी झडपेची किंमत परवडणारी नव्हती.

या गरजेतून तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी झडपेचे काम सुरू झाले. शल्यचिकित्सक आणि अभियंते एका छताखाली बसून काम करीत, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. पहिले तीन नमुने फसले. एका नमुन्यात नीलमणी स्फटिकाच्या कठीण तबकडीने धातूची चौकट झिजली, तर दुसऱ्यात ती तबकडीच भंगली. चौथ्या खेपेस क्रोम-कोबाल्ट मिश्रधातूच्या चौकटीत अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकची, तबकडी बसविण्यात आली. कठीण स्फटिकास जे साधले नाही ते मऊ प्लॅस्टिकने साधले. मेंढ्यांवरील चाचण्यांनंतर ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. पुढे खाजगी उद्योगाकडे उत्पादन सोपविले गेले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसविल्या गेल्या आहेत.

येथवरची कथा प्रयोगशाळेची. रुग्ण घरी परतल्यावर खरी जोखीम सुरू होते, आणि ती फारशी सांगितली जात नाही. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मात्रा कमी पडल्यास झडप अडकते किंवा पक्षाघात होतो. जास्त झाल्यास रक्तस्राव होतो. म्हणून ठरावीक मुदतीने रक्ताची तपासणी करून घ्यावी लागते. पालेभाज्या खाण्याचे प्रमाण एकाएकी बदलले तरी गोळीचा परिणाम बदलतो. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांस झडपेची कल्पना दिलीच पाहिजे. ही गोळी गर्भास अपायकारक ठरू शकते; यास्तव तरुण स्त्रीने गर्भधारणेचा विचार करण्याआधीच हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, गोळी मात्र परस्पर बंद करू नये. गावात झडप बसविलेला रुग्ण असेल, तर त्याची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात असणे इष्ट आहे.

ताप वेळीच ओळखला गेल्यास, तो पुन्हा येऊन झडपांची आणखी हानी होऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे देतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून होणाऱ्या तपासणीत या हृदयविकाराचाही समावेश आहे. तपासणीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या, तसेच सांधे दुखतात म्हणून वारंवार शाळा बुडविणाऱ्या मुलांची नावे शिक्षकांनी पथकास आवर्जून द्यावीत.