सोनेरी पृष्ठांवरील जगाचा अंत

दक्षिण जर्मनीतील बोडेन सरोवरात रायशेनाऊ नावाचे लहानसे बेट आहे. इसवी सन १००० च्या सुमारास तेथील बेनेडिक्टाइन मठ सचित्र हस्तलिखितांसाठी ख्यातकीर्त होता. याच परंपरेत ‘बांबेर्ग अपोकॅलिप्स’ हा ग्रंथ घडला. बायबलमधील अखेरचे पुस्तक ‘प्रकटीकरण’ आणि त्यानंतर उपासनेत वाचावयाचे शुभवर्तमानांतील उतारे, अशी त्याची रचना आहे.

‘अपोकॅलिप्स’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विनाश नव्हे, तर अनावरण. आपल्याकडील प्रलयानंतर सृष्टीचे चक्र पुन्हा फिरू लागते. ख्रिस्ती कल्पनेत मात्र अंत एकदाच येतो. त्यानंतर न्याय होतो आणि नवे यरुशलेम अवतरते. म्हणूनच या चित्रांत भयाइतकीच प्रतीक्षाही आहे.

सात मस्तकांचा अजगर, सूर्य पांघरलेली स्त्री, जात्याची प्रचंड तळी उचलणारा देवदूत ही दृश्ये भीषण खरी. परंतु चित्रकारांनी ती मोजक्या आकृतींत, झळाळत्या सोनेरी पार्श्वभूमीवर रेखाटली. तेथे निसर्गदृश्य नाही, खोलीचा आभास नाही. सोने हे दैवी प्रकाशाचे प्रतीक असल्याने घटना जणू काळाबाहेर घडताना दिसते. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने १४९८ मध्ये याच विषयावर काष्ठमुद्रांची मालिका प्रसिद्ध केली. त्यांतील गर्दी, वेग आणि कोलाहल पाहिला की रायशेनाऊची शांतता अधिकच जाणवते.

सन १००० च्या आगमनाने सारा युरोप भयभीत झाला होता, हे चित्र अतिरंजित असल्याचे अनेक इतिहासकार मानतात. हा ग्रंथही घाबरलेल्या जमावासाठी नव्हता, तो राजसत्तेच्या वर्तुळातला होता. ‘प्रकटीकरणा’ची चित्रे संपताच सिंहासनस्थ शासकाचे चित्र येते. संत पेत्र व पौल त्याला मुकुट घालीत आहेत. समोरच्या पानावर सद्गुण दुर्गुणांना पायदळी तुडवितात. हा शासक ओटो तिसरा की हाइनरिष दुसरा, याविषयी मतभेद आहेत. परंतु चित्रांचा क्रम बोलका आहे. अखेरच्या न्यायाचे दृश्य पाहिल्यावरच वाचक राजवैभवापाशी पोहोचतो. सत्ता ईश्वरदत्त असली, तरी तिचाही हिशेब द्यावा लागणार आहे, असे त्यातून सूचित होते.

हाइनरिष आणि सम्राज्ञी कुनिगुंडे यांनी हा ग्रंथ बांबेर्गच्या सेंट स्टीफन चर्चला अर्पण केला. आज तो त्याच शहरातील राज्य ग्रंथालयात आहे. २००३ मध्ये रायशेनाऊच्या दहा हस्तलिखितांचा युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश झाला. त्यांत हाही आहे. जगाचा अंत सांगणारी ही पाने सुमारे हजार वर्षे टिकून राहिली आहेत.