प्रादेशिक विमानसेवा आणि नेवाळीची धावपट्टी

अंबरनाथ आणि उल्हासनगर यांच्या जवळ, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने एक विमानतळ बांधला. त्यासाठी भोवतालच्या गावांतील दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेण्यात आली. युद्ध संपले, शेजारच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि 1949 साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. धावपट्टी मात्र तशीच पडून राहिली. तिच्यावरून प्रवासी विमानसेवा कधीच का सुरू झाली नाही, या प्रश्नाच्या उत्तरात प्रादेशिक विमानवाहतुकीचे बहुतेक सर्व अर्थशास्त्र सामावलेले आहे.

लहान विमानाचा खर्च त्याच्या आकाराच्या प्रमाणात कमी होत नाही, ही येथील मूळ अडचण होय. एकोणीस आसनांच्या विमानासही दोन वैमानिक लागतातच. त्यांचे वेतन दीडशे उतारूंऐवजी एकोणीसांवर विभागले जाते. शिवाय पल्ला जितका आखूड, तितका उड्डाण व चढाव यांत जळणाऱ्या इंधनाचा वाटा अधिक. आणि विमानाचा बराच दिवस जमिनीवरच जातो. म्हणून अशी सेवा दोनच परिस्थितींत टिकते: जमिनीवरील मार्ग अत्यंत बिकट असला पाहिजे, किंवा तूट भरून देणारा कोणीतरी असला पाहिजे.

नॉर्वेतील विडेरो या कंपनीस दोन्ही गोष्टी लाभल्या. 1934 साली स्थापन झालेल्या या कंपनीने 1968 पासून किनाऱ्यावरील छोट्या गावांना जोडण्यासाठी सुमारे आठशे मीटरच्या धावपट्ट्या वापरण्यास आरंभ केला. तेथे खाड्यांना वळसा घालून जाण्यात दिवस मोडतो. तोट्याच्या मार्गांची तूट सरकार सोसते. 1997 पासून त्यासाठी निविदा मागविल्या जातात, म्हणजे कोणत्या मार्गास किती साहाय्य द्यावयाचे हे आधीच ठरते.

भारतात 1981 च्या जानेवारीत स्थापन झालेल्या ‘वायुदूत’ने आरंभ ईशान्य भारतापासून केला. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांची ही संयुक्त संस्था. डोंगर व ब्रह्मपुत्रा यांनी अडविलेल्या त्या प्रदेशात तिचे प्रयोजन निर्विवाद होते. पुढे एकोणीस आसनी डॉर्निअर विमाने आली आणि जाळे देशभर पसरले. महाराष्ट्रातील जिल्ह्यांची गावेही त्यात आली. परंतु कोणते गाव जोडावे हे उतारूंच्या संख्येपेक्षा लोकप्रतिनिधींच्या आग्रहावर अधिक ठरू लागले. (विमानतळ हे प्रतिष्ठेचे लक्षण मानण्याची हौस आजही ओसरलेली नाही.) 1988 मध्ये गुवाहाटीनजीक, आणि 1989 च्या सप्टेंबरात पुण्याहून हैदराबादला जाताना इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात तिची विमाने कोसळली, दुसऱ्या अपघातात अकरा जण दगावले. तोटा वाढत गेला, 1993 मध्ये विलीनीकरणाचा मार्ग पत्करावा लागला. नॉर्वेप्रमाणे प्रत्येक मार्गाच्या तुटीचा हिशेब आधी मांडला गेला असता तर निम्मी गावे जोडलीच गेली नसती, असा तर्क अवास्तव ठरू नये.

2016 साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने हा धडा अंशतः घेतला. मार्ग बोलीने दिले गेले, काही आसनांच्या भाड्यावर मर्यादा आली आणि तीन वर्षांपुरते तुटीसाठी साहाय्य ठरले. त्याचा भार बड्या मार्गांवरील उड्डाणांवरील आकारणी व राज्यांचा हिस्सा यांवर टाकण्यात आला. 27 एप्रिल 2017 रोजी सुरू झालेल्या पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा एक होता. साहाय्य संपल्यावर मार्ग तगतो की नाही, यातच योजनेची खरी कसोटी आहे.

नेवाळीस मात्र यांपैकी काहीच लागू पडत नाही. कल्याणपर्यंत लोहमार्ग 1854 सालीच आला. 1856 मध्ये तो खोपोलीकडे वाढला आणि अंबरनाथ व बदलापूर त्याच वाटेवर आले. लोकलने मुंबईस पोचण्यास जो वेळ लागतो, तेवढा विमानतळावर तपासणीतच जातो. नवी मुंबईच्या प्रकल्पावर पर्यावरणाचे आक्षेप आले तेव्हा नेवाळीचे नाव पर्याय म्हणून निघाले होते, पण ते मोठ्या महानगरी विमानतळासाठी, प्रादेशिक सेवेसाठी नव्हे. 2025 मध्ये नवी मुंबईच्याच विमानतळाचे उद्घाटन झाले.

धावपट्टीच्या उपयुक्ततेचा प्रश्न असा मिटला तरी जमिनीचा मिटलेला नाही. नौदलाने कुंपणाची भिंत घालण्यास घेतली तेव्हा, 22 जून 2017 रोजी, युद्धासाठी घेतलेली जमीन परत मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या आंदोलनास तेथे हिंसक वळण लागले.