पावतीपुस्तक घरी ठेवून

आमच्या विहाराला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त स्मरणिका काढावी असे समितीच्या बैठकीत ठरले आणि रिवाजाप्रमाणे पानांची वाटणीही झाली. पहिल्या पानावर भगवान बुद्ध, दुसऱ्यावर बाबासाहेब, मग अध्यक्षांचे मनोगत, सरचिटणीसांचे मनोगत, खजिनदारांचा हिशेब, गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो आणि उरलेल्या पानांत जाहिराती. बैठक संपता संपता मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "ज्यांच्या जाहिराती छापणार, त्यांच्याविषयी कुणी चार ओळी लिहिणार आहे का?" क्षणभर कुणी बोलले नाही. मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले, कारण लिहिण्याचे काम आमच्या गळ्यात असते.

कल्याण पूर्वेला आमची वस्ती आहे. दोन रविवार गल्लीगल्ली फिरून मोजले तेव्हा समाजातील माणसांची ३४ दुकाने आणि धंदे निघाले. शिलाईचे, मोबाईल दुरुस्तीचे, झेरॉक्सचे, पिठाची गिरणी, मंडप डेकोरेटर, बेंजो पार्टी, ब्युटी पार्लर, डबे पुरविणाऱ्या भगिनी, पंक्चरवाले. इतके असतील असे आम्हांला स्वतःलाच वाटले नव्हते. वस्तीतून पहिला बँकेत कोण लागला, पहिली नर्स कोण झाली, हे लहान पोरालाही पाठ आहे. आम्ही स्वतः कारकून. आमच्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा चाळभर पेढे वाटले गेले. पण गिरणीचा पट्टा पहिल्यांदा फिरला त्या दिवशी कुणी पेढा वाटला होता का, हे कुणालाच सांगता येईना.

मोठ्यांची नोंद होते, आणि व्हायलाच हवी. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली. २०१३ साली त्यांना आणि कल्पना सरोज यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या घराघरांत आनंद झाला. लहान दुकानदाराची नोंद मात्र क्वचितच कुणी ठेवते. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल आपल्याला माहीत आहे. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला शाहू महाराजांनी स्वतंत्र धंदा काढायला लावले, स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. ती हकीकत उरली, कारण दारात राजा आला होता. ज्यांच्या दारात राजा आला नाही अशी किती हॉटेले उघडली आणि बंद झाली, त्याची वही कुणाकडे आहे?

म्हणून मुलाखती घ्यायचे ठरले. आणि पहिल्याच दुकानावर आमची फजिती झाली.

आम्ही पाचजण होतो. पांढरे शर्ट, काखेत फाईल. शिंपीकाकांच्या पायरीवर चढलो तोच त्यांनी मशीनवरचा पाय उचलला. आम्ही जयभीम घालण्याआधी त्यांचा हात गल्ल्यात गेला होता. "जयभीम, जयभीम. कशाची आहे? वर्षावास का जयंती? एकावन्नची फाडा." आम्ही म्हणालो, पैसे नकोत, तुमची मुलाखत हवी आहे. काकांनी आमच्या फाईलकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बरं, एकशे एकची फाडा. पण आता जा, गिऱ्हाईक उभं आहे."

हसण्यावारी न्यावे असे ते बोलणे नव्हते. वीस वर्षांत आम्ही त्यांच्या दुकानात किती वेळा गेलो होतो? वर्गणीला गेलो, जाहिरातीला गेलो, मोर्चाच्या दिवशी दुकान बंद ठेवा म्हणून सांगायला गेलो. शर्ट मात्र तयार घेतला, तोही स्टेशनच्या पलीकडून. त्या दिवसापासून एक नियम केला. जायचे ते दोघांनी, पावतीपुस्तक आणि फाईल घरी ठेवून, आणि पहिल्या खेपेला गिऱ्हाईक म्हणून. त्याप्रमाणे पँटची लांबी कमी करायला आम्ही काकांकडे गेलो. पँट न्यायला गेलो तेव्हा त्यांनीच विचारले, "त्या दिवशी काय म्हणत होता?"

वेळेचेही ध्यान ठेवावे लागते. धंद्याच्या वेळी माणसाला बोलते करू पाहणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे. शिंप्याकडे दिवाळीआधी आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फिरकू नये. तेव्हा पांढऱ्या कपड्यांचा ढीग असतो. गिरणीत सकाळी नको. मंडपवाल्याकडे लग्नसराईत नको. दुपारी दोन ते चार ही बहुतेकांची रिकामी वेळ. अर्थात आमच्यासारख्या नोकरदाराला ती मिळते कधी? रविवारी, किंवा रजा टाकून. आम्ही चार रजा टाकल्या. घरून काय ऐकून घेतले ते येथे लिहीत नाही.

दुसरी चूक आमच्या शिक्षणाने केली. आम्ही बी.कॉम. गिरणीवाल्या दादांसमोर वही उघडली आणि विचारले, "भांडवल किती घातले? महिन्याची उलाढाल किती?" दादांनी गिरणीचे बटण बंद केले. "तुम्ही इन्कम टॅक्सचे का हो?" म्हणाले. मग विजेचे बिल, गुमास्ता, भाडे, सगळे कसे वेळच्या वेळी भरले आहे तेच सांगत बसले. पुढच्या खेपेला बैठकीत प्रश्न विचारणारी ती मुलगी बरोबर होती. तिने एवढेच विचारले, "दादा, पहिलं दळण कुणाचं दळलं?"

दादा थांबले. "आईचं," म्हणाले. "गावात गिरणी होती. आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे. मधे कुणी आलं की आमचा डबा बाजूला. आई दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसायची. मी लहान, तिच्याजवळ बसायचो. कंपनी बंद पडली, पैसे मिळाले, तेव्हा सगळे म्हणाले रिक्षा घे. मी गिरणी टाकली. पहिल्या दिवशी आईला खुर्ची दिली, तिचं दळण पहिलं घातलं. आजपण बघा, माझ्याकडं नंबर म्हणजे नंबर. कुणी का असेना." पाऊण तास दादा बोलत होते. भांडवल किती ते त्यांनी आपणहून सांगितले, वहीत उतरवायची परवानगीही दिली.

यानंतर आम्ही आकड्यांचे प्रश्न शेवटी ठेवू लागलो. पहिले गिऱ्हाईक कोण, दुकानाचे नाव कुणी ठेवले, उधारी कुणाची बुडाली आणि कुणाची बुडूनही मागितली नाही, घरचे कोण विरोधात होते, असे विचारले की माणूस बोलतो. पार्लर चालविणाऱ्या ताईंकडे बायकांनीच जावे. त्या आमच्याशी दोन वाक्ये बोलल्या आणि आमच्या सौभाग्यवतींशी दोन तास. मोबाईलवर बोलणे टिपायचे असेल तर आधी विचारावे. टेबलावर गुपचूप मोबाईल उलटा ठेवणे ही फसवणूक आहे.

आता एक अवघड गोष्ट सांगावयाची आहे. ती आम्ही टाळणार होतो, पण टाळली तर या लेखाला अर्थ नाही.

२०१४ साली जयंतीच्या पुस्तिकेत आम्ही एका मावशींची माहिती छापली होती. त्या घरी स्वयंपाक करून डबे देत. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना आणि रेल्वेलाईनपलीकडच्या दोन ऑफिसांना मिळून चाळीस डबे जात. आम्हांला केवढा अभिमान! पूर्ण नाव छापले, आडनावासह. 'बौद्ध भगिनीची स्वावलंबी भरारी' असा मथळा दिला, मागे बाबासाहेबांची तसबीर येईल असा फोटो घेतला. छापण्यापूर्वी मजकूर मावशींना वाचून दाखविला नाही. त्याची गरजच वाटली नाही. पुस्तिका फिरत फिरत लाईनपलीकडे गेली. महिन्याभरात सतरा डबे बंद झाले. जातीचे नाव कुणीही काढले नाही. एकाची बदली झाली होती, एकाची बायको गावाहून आली होती, एकाला डॉक्टरांनी तेल सोडायला सांगितले होते. मावशी आम्हांला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त पौर्णिमेच्या वंदनेला यायच्या बंद झाल्या. कारण त्यांच्या मुलीकडून कळले, तेही वर्षभराने.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली होती. व्यवहार नाकारणे हाही बहिष्कारच, असे त्यांनी त्यात नमूद केले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा झाला. पण 'डॉक्टरांनी तेल सोडायला सांगितले' यावर कोणते कलम लावणार? खुद्द बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडल्यावर मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याची पेढी काढली होती. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला सल्लागार. धंदा चालू लागला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. हे चरित्र आम्ही भाषणांतून शंभर वेळा सांगितले असेल. मावशींचा मजकूर प्रेसमध्ये देताना मात्र ते आठवले नाही.

म्हणून या खेपेला प्रत्येकाला दोनदा विचारले. सुरुवातीला एकदा, आणि मजकूर लिहून पूर्ण वाचून दाखविल्यावर पुन्हा. नाव छापायचे का, आडनाव छापायचे का, दुकानाची पाटी फोटोत यावी का, पुस्तिका कोणाकोणाच्या हातात जाईल, हे सगळे उघड सांगितले. पोरांना हा मजकूर मोबाईलच्या ग्रुपवर टाकायचा होता. ती परवानगी वेगळी मागायची, असे ठरले. कागद वस्तीत राहतो, मोबाईलवरचा मजकूर कुठे जाईल त्याचा नेम नाही.

रिचार्जचे दुकान चालविणारा मुलगा यावर हसला. "काका, तुम्ही लपवून काय होणार? पाटीवर बापानं देवाचं नाव टाकलंय. पण स्कॅन केलं की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर माझं पूर्ण नाव येतं. काही जण वाचतात, मग मान वर करून बघतात." "मग?" "मग काय. स्क्रीनगार्ड लावून देतो. परत येणारा येतो." त्याने आडनावासकट छापा म्हणून सांगितले. मंडपवाल्यांनीही तसेच सांगितले. त्यांचे बहुतेक काम आपल्याच समाजात असते. ३४ पैकी २१ मुलाखती झाल्या. नऊ जणांनी आडनाव नको म्हटले, दोघांनी काहीच छापू नका म्हटले. त्या नऊ जणांना भित्रे म्हणणारे आमच्या समितीतही आहेत. त्यांचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होतो, हे आम्ही त्यांना सांगितले. आमचाही होतो.

एक वाद वेगळाच झाला. चिकन सेंटरवाल्या भाऊंनी स्वतःच विचारले, "आमचं चालेल का तुमच्या धम्माच्या पुस्तकात?" बैठकीत आमचे वयोवृद्ध बौद्धाचार्य म्हणाले, चालणार नाही. अंगुत्तर निकायात उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. सम्यक आजीविका हा मार्गाचाच भाग आहे. गुरुजींचे चूक नव्हते. त्यावर खजिनदार म्हणाले, "वर्गणी घेताना हे सुत्त आठवलं नव्हतं का?" बराच आवाज चढला. कुणीतरी तपुस्स आणि भल्लिक यांची आठवण काढली. बुद्धाला शरण जाणारे पहिले उपासक हे दोन व्यापारीच होते. पण ते काय विकत होते यावर नवा वाद निघाला. शेवटी मुलाखत घेतली. भाऊ म्हणाले, "महाडनंतर आमच्या आज्यानं मेलेलं ओढायचं सोडलं. गावानं काम द्यायचं बंद केलं, उपाशी राहिला, पण सोडलं. मी कोंबडी कापतो. हे कुठल्या खात्यात टाकायचं ते तुम्ही ठरवा." आम्ही ते जसेच्या तसे छापणार आहोत. शेजारी गुरुजींचे मतही छापणार आहोत, त्यांच्याच शब्दांत.

मावशींकडे जायला धीर होत नव्हता. गेल्या महिन्यात गेलो, त्या मुलीला घेऊन. पावतीपुस्तक नाही, वहीदेखील नाही. चपला काढून आत गेलो आणि २०१४ सालचे एकदाचे बोललो. मावशी पोळ्या लाटत होत्या. लाटणे थांबले नाही. "मला वाटलं, तुम्हांला ठाऊकच नाही," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बसा. आता साठ डबे आहेत. ऑफिसं गेली, पण हॉस्पिटलची पोरं आली." मग त्या मुलीला म्हणाल्या, "तुला ऐकायचंय ना? तू ये शनिवारी, पोळ्या करता करता सांगते. पण छापायचं नाही. वही माझ्याकडं राहील."

मुलगी तीन शनिवार जाऊन आली आहे. पोळ्या लाटायलाही शिकली म्हणते. आमच्याकडे अजून तेरा दुकाने बाकी आहेत. स्टेशनजवळ चपला शिवणारे काका मंगळवारी दुपारी या म्हणाले आहेत; आमच्या चपलेचा अंगठा तुटला आहे, तो तसाच ठेवला आहे.