भोंगा नसलेला कारखाना

अण्णांनी मला जन्मात एकदाच थोबाडीत मारली. मी तेव्हा सातवीत होतो. त्यांच्या डब्याच्या पिशवीत एक जुनी कानस सापडली, ती घेऊन मी दाराची कडी घासत बसलो होतो. कामावरून आलेल्या अण्णांनी कानस काढून घेतली, एक ठेवून दिली आणि म्हणाले, "हे हात पुस्तकाला लावायचे. काळे करायला मी आहे."

अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात टर्नर होते. १९६९ साली लागले, २००८ साली सुटले. भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे. आमच्या घरात घड्याळापेक्षा भोंग्याचा मान मोठा. त्यांच्या मनासारखे झाले. मी मराठी घेऊन एम. ए. झालो, कॉलेजात लागलो, आणि आज माझ्या हातांना खडूखेरीज कशाचा डाग लागत नाही. अण्णा लेथवर नेमके काय करीत हे मी कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. आई गेल्यानंतर तर ते नुसते ओट्यावर बसून असत. येणाऱ्याजाणाऱ्याला 'बरे आहे' म्हणत, आणि ते बरे नाही हे सर्वांना दिसत असे.

२०२३ च्या उन्हाळ्यात ताईने आम्हां दोघांना विलायतेला बोलावून घेतले. ताई आणि दाजी नॉटिंगहॅमला लागून असलेल्या बीस्टन गावी राहतात. पहिला आठवडा अण्णांनी खिडकीत बसून काढला. ओटा गेला आणि खिडकी आली, एवढाच काय तो परदेशप्रवास!

आठव्या दिवशी ताई बाहेरून आली ती हसतच. "अण्णा, शेजारच्या आजोबांना तुम्ही कुर्डुवाडीचे म्हणून सांगितले, तर ते म्हणाले, 'बार्सी लाइट?' तुम्हाला घेऊन ये म्हणून मागेच लागलेत."

विलायतेतल्या एका म्हाताऱ्याला आमची बार्शी कशी ठाऊक? त्याची कथा अशी. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अडीच फुटी रुळांची लोहमार्गाची योजना एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज एंजिनिअराची. १८९७ साली ती गाडी सुरू झाली, १९०६ साली पंढरपुरापर्यंत पोचली आणि वारकऱ्यांची झाली. रूळ हलके असले तरी चालतील, मात्र कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, हे त्याचे सूत्र. हाच गृहस्थ पुढे मायदेशी गेला आणि स्टॅफर्डशायरच्या डोंगरात त्याने बार्शीची धाकटी बहीण वसवली. लीक अँड मॅनिफोल्ड तिचे नाव. रुंदी तीच, अडीच फूट. १९०४ साली ती सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तिच्याकडे मोठी एंजिने दोनच, त्यांतल्या एकाचे नाव 'ई. आर. कॅल्थ्रॉप'. (याच कॅल्थ्रॉपने पुढे विमानातून उडी टाकण्याची हवाई छत्रीही बनवली. काही माणसांना एक जन्म पुरत नाही!) आमचे शेजारी त्या एंजिनाची एक षष्ठांश आकाराची, खऱ्या वाफेवर चालणारी प्रतिकृती घडवीत होते. काम सुरू होऊन अकरा वर्षे झाली होती.

हे आजोबा कोणी एंजिनिअर नव्हेत. सारी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे तिकिटे विकण्यात गेली. परसात लाकडी खोपट, आठ फूट बाय बारा फूट. त्यात एक लेथ, एक शेगडा, भोके पाडायचे यंत्र, भिंतभर टांगलेली हत्यारे आणि चहाची किटली.

लेथ म्हणजे काय, हे माझ्यासारख्या वाचकांना सांगितले पाहिजे. कुंभाराचे चाक आडवे पाडा. त्यावर मातीच्या जागी लोखंड बांधा आणि बोटांच्या जागी पोलादी टूल लावा, झाला लेथ. काम फिरते आणि हत्यार स्थिर राहून त्याची साल काढते. आजोबांचा लेथ मायफर्ड बनावटीचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेतल्या हौशी मंडळींत ज्या यंत्राने घर केले ते हेच, आणि ते घडत असे याच बीस्टन गावात. तो कारखाना २०११ साली बंद झाला; पण पन्नास-साठ वर्षांचे मायफर्ड आजही खोपटाखोपटांतून फिरताहेत.

ही हौस त्या देशात जुनी. पर्सिव्हल मार्शल नावाच्या संपादकाने १८९८ च्या जानेवारीत 'मॉडेल एंजिनिअर' हे नियतकालिक काढले, आणि त्याच वर्षी लंडनात अशा हौशी लोकांचे मंडळही निघाले. कारकून, डॉक्टर, शाळामास्तर, पाद्री असे नाना लोक कचेरी सुटल्यावर बाह्या वर सारून यंत्रे घडवू लागले. या मंडळींचा एक लाडका लेखक होता. 'एल. बी. एस. सी.' ही एका रेल्वे कंपनीची आद्याक्षरे त्याने टोपणनाव म्हणून घेतली होती. छोट्या एंजिनात खरा कोळसा जाळून खरी माणसे ओढता येतील की नाही, यावर १९२२ पासून त्या अंकांतून असा वाद पेटला की त्याला 'बॉयलरांची लढाई' असे नाव पडले. १९२४ साली या लेखकाने आपले अडीच इंची रुळांचे 'आयेशा' नावाचे एंजिन प्रदर्शनात चालवून दाखवले, आणि ते मोठ्या माणसांना ओढून घेऊन गेले. पुढे चाळीसएक वर्षे तो वाचकांना एंजिने कशी करावीत ते सांगत राहिला, तेही ओसरीवर बसून गप्पा माराव्यात तसे. आमच्या टीकाकारांनी त्याची भाषा जरूर वाचावी.

वादाला कारण होते. षष्ठांश एंजिन म्हणजे लांबी सहापट कमी. पण पृष्ठभाग छत्तीसपट कमी होतो आणि घनफळ दोनशे सोळापट. म्हणजे आत वाफ राहते चिमूटभर आणि तिला थंड करणारी भिंत त्या मानाने सहापट मोठी. नकाशा लहान केला तरी पाणी, विस्तव आणि वाफ लहान होत नाहीत. म्हणून मोठ्या एंजिनाची हुबेहूब नक्कल केली तर ते चालायचे नाही. बॉयलरच्या नळ्या संख्येने कमी आणि प्रमाणाने जाड घ्याव्या लागतात. बाहेरून आरसा, आतून स्वतंत्र प्रज्ञा. (भाषांतरकाराचेही दुखणे हेच, पण तो विषय इथे नको.)

असो. अण्णांना घेऊन मी त्या खोपटात गेलो तो गुरुवार होता. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे बैठक भरते. एक दाताचे डॉक्टर, एक तरुण बसड्रायव्हर, गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, असे चारपाच जण. अण्णांनी आजोबांना 'साहेब' म्हणून हाक मारली. त्यांनी हात जोडून नको म्हटले आणि नावाने हाक मारायला सांगितले. एवढ्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणे अण्णांच्या जिभेला शक्यच नव्हते. थोडा विचार करून ते म्हणाले, "मिस्त्री." मी त्या शब्दाचा अर्थ समजावून दिला तेव्हा म्हातारा लाजला. तेव्हापासून दोघेही एकमेकांचे मिस्त्री झाले.

मला वाटले होते की मला दुभाष्या व्हावे लागेल. अण्णांचे इंग्रजी दुकानात, बसमध्ये अडखळते. पण चक, टेलस्टॉक, लीड स्क्रू, बॅक गिअर ही त्यांची चाळीस वर्षांची बोली. त्या खोपटात निरक्षर असा मी एकटाच निघालो. एक हजारांश इंच, ज्याला कारखान्यात 'थाऊ' म्हणतात, त्या दोन थाऊंच्या फरकावर ही मंडळी पाऊण तास बोलली. कोणते तेल बरे, जुन्या पट्ट्याचा आवाज का येतो, भंगारातल्या कोणत्या दांड्यात चांगले पोलाद मिळते! कोणी आपले काम पुढे केले की सगळे ते हातात फिरवून पाहतात, नखाने चाचपतात, आणि कोणीतरी म्हणतो, 'वाईट नाही.' त्यापलीकडे स्तुती नाही. आम्हां साहित्यिकांच्या बैठकीत गैरहजर माणसांविषयी बोलतात. इथे गैरहजर थाऊविषयी बोलत होते.

परतताना अण्णा गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, "रिकामपणाचे चाळे आहेत. ज्याच्यावर आम्ही पोट भरले, त्याच्यावर हे खेळतात." त्या बोलण्यात राग होता, आणि तो राग मला अगदीच गैर वाटला नाही. त्या रात्री माझ्या मनात आपल्याकडचा एक शब्द घोळत राहिला : कातारी. लाकूड फिरवून खेळणी, पाळण्याचे खूर घडवणारा. त्याचाच भाईबंद खरादी. म्हणजे हे यंत्र आपल्याला परके मुळीच नाही. पण आपल्याकडे त्यावर बसणाऱ्याची जात झाली. तिकडे त्याचे मंडळ झाले.

पुढच्या गुरुवारी अण्णा येणार नाहीत अशी माझी अटकळ होती. पण पाच वाजताच ते बूट घालून बसले होते.

त्या दिवशी आजोबा चहाचे पाणी आणायला घरात गेले होते आणि बसड्रायव्हर लेथवर एक पोलादी दांडा कापून अलग करीत होता. हे काम नाजूक. टूल पातळ असते, खोल जाते, आणि जरा चुकले की सगळे यंत्र थरथरून किंचाळू लागते. तसेच झाले. त्याने वेग वाढवून पाहिला, किंचाळणे वाढले. मी अण्णांकडे पाहिले. ते स्टुलावर बसले होते, पण त्यांचा जबडा आवळला गेला होता. एकाएकी ते उठले, पुढे झाले आणि त्यांनी खटकन बटण बंद केले. परक्याच्या घरातले परक्याचे यंत्र! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अण्णांनी टूल मागे घेतले, सहा इंची पोलादी पट्टी उचलली, दांडा आणि टुलाचे टोक यांच्यामध्ये उभी धरून अलगद दाबली. पट्टीचे वरचे टोक आमच्या बाजूला झुकले. "लो," अण्णा म्हणाले. टूल दांड्याच्या मध्यापेक्षा खाली बसले होते. ते बरोबर मध्यावर असते तर पट्टी सरळ उभी राहिली असती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, बिस्किटांच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याची कात्रीने एक पट्टी कापली, टुलाखाली सरकवली आणि पुन्हा पाहिले. पट्टी सरळ. मग वेग उतरवला, तेलाचा थेंब सोडला आणि हँडल हातात घेतले. आता किंचाळणे नव्हते. शांत सरसर आवाज येत होता आणि खाचेतून घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळी सुटत होती. तुकडा टप्पकन ताटलीत पडला.

दारात आजोबा किटली घेऊन उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. त्यांनी तो तुकडा उचलला, कापलेल्या बाजूवरून नख फिरवले, काही न बोलता पहिला पेला अण्णांपुढे ठेवला आणि मग म्हणाले, "वाईट नाही, मिस्त्री."

त्यानंतर अण्णा खिडकीत बसले नाहीत. उरलेले पाच आठवडे ते रोज खोपटात जात. बॉयलरची परीक्षाही आम्ही पाहिली. तांब्याचा बॉयलर काठोकाठ पाण्याने भरतात आणि चालताना असतो त्याच्या दुप्पट दाब पंपाने देतात. पाणी आकसत नाही. म्हणून सांधा सुटलाच तर स्फोट न होता नुसते पाणी ठिबकते. काटा एकशेसाठ पौंडांवर चढला तेव्हा गणिताच्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते. सांधा टिकला. एंजिनाच्या धुराड्याचे बीडाचे तोंड अण्णांनी कातून दिले. कॅल्थ्रॉपच्या एंजिनावर कुर्डुवाडीचे एवढे काम कायमचे बसले आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री अण्णा आपणहून बोलले. "माझ्या हाताखाली एक पोरगा होता. हात सोन्याचा. पण भोंगा झाला की टूल अर्ध्यात सोडून पळायचा. मीही तसाच होतो. काम आवडते की नाही, हे कळायला वेळच नव्हता. इथे भोंगा नाही." मग बराच वेळ थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ती कानस तुला द्यायला हरकत नव्हती."

परत आल्यावर त्यांनी माळ्यावरची पेटी काढायला लावली. हत्यारे तेलाच्या फडक्यात जशीच्या तशी होती. ओट्याच्या कडेला एक शेगडा बसवला आहे. कारखान्यात उमेदवाराला पहिला धडा देतात तोच मला मिळाला : लोखंडाचा एक ठोकळा कानशीने घासून सहाही बाजूंनी चौरस करायचा. कॉलेज सुटल्यावर मी तासभर घासतो. बोटांच्या पेरांत काळे बसते, ते साबणाने निघत नाही, विद्यार्थी पाहतात. काल चौथी बाजू झाली असे वाटून मी ठोकळा अण्णांच्या हाती दिला. त्यांनी त्यावर गुण्या ठेवला, तो डोळ्यांसमोर धरून सूर्याकडे तोंड केले आणि एक डोळा मिटला.

"उजेड दिसतोय," म्हणाले, आणि ठोकळा परत दिला.