घरीच बाईकचं इंजिन खोलताय? आधी मोबाईल हातात घ्या

बाईक निळसर धूर सोडतेय, पिस्टन रिंग बदलायचीय? काशीगावातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरचं एका सिलिंडरचं इंजिन खोलता येतं. अवघड असतं ते परत जोडणं.

टायमिंग : फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. हे गणित टायमिंग चेन सांभाळते. चेन एक दात जरी चुकली तरी व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात. जास्त चुकली तर पिस्टनवर आपटू शकतात. म्हणून चेन काढण्याआधी मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवा आणि कॅम स्प्रॉकेटचा अगदी समोरून फोटो घ्या.

बोल्ट : लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचा.

पिस्टन लॉक : काढण्याआधी चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. लॉक आत पडलं, तर पूर्ण इंजिन खोलावं लागेल.

जोडताना गॅस्केट नवीनच टाका. मग प्लग काढून किक हाताने हळू दाबत इंजिन फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, फोटो पुन्हा बघा.