वैकल्पिक अक्षरमालिका आणि फलनाचे मौन : खानदेशच्या आकडेवारीवरून एक विवेचन

संख्याशास्त्रीय संगणनात अभ्यासकाने स्वतः रचलेल्या फलनास काही माहिती सक्तीने, तर काही ऐच्छिक रीतीने पुरविता येते. ही ऐच्छिक माहिती अक्षरमालिकेच्या, म्हणजे 'स्ट्रिंग'च्या, रूपाची असली की एक प्रश्न उद्भवतो : ती दिलीच गेली नाही, तर फलनाने काय समजावे?

तालुकावार लोकसंख्येची बेरीज करणारे फलन 'आर' भाषेत लिहावयाचे आहे व 'जिल्हा' हे त्याचे ऐच्छिक प्राचल आहे, असे मानू. त्याचे गृहीत मूल्य 'नल' ठेवून जिल्ह्यांच्या स्तंभाशी सरळ तुलना केल्यास एकही ओळ निवडली जात नाही आणि बेरीज शून्य येते; दोषाची सूचना मात्र मिळत नाही. यास्तव प्रथम 'इज.नल'ने तपासावे व मूल्य नसल्यास सर्व जिल्हे घ्यावेत. 'स्टाटा'त न दिलेला पर्याय रिकाम्या अक्षरमालिकेच्या रूपाने येतो. तेव्हा तेथे तपासणी तिचीच करावी लागते.

दुसरा प्रश्न शब्दांच्या निश्चितीचा होय. १९५१ च्या जनगणनेत आजचे जळगाव व धुळे हे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश या नावांनी आढळतात. फलनाच्या व्याख्येतच मान्य शब्दांची यादी देऊन 'मॅच.आर्ग' योजिल्यास यादीबाहेरील शब्द येताच काम थांबते. मात्र ते शब्दाचा निःसंदिग्ध असा आरंभीचा भागही स्वीकारते आणि प्राचल न दिल्यास यादीतील पहिला शब्द निमूटपणे घेते.

हे मौन कधी घातक ठरते, ते धुळ्याच्या उदाहरणावरून दिसेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या १७,०७,९४७ व नंदुरबारची १३,११,७०९ होती; जुन्या सीमेनुसार दोहोंची बेरीज ३०,१९,६५६ होते. 'सीमा' या प्राचलाच्या यादीत 'नवी' हा शब्द पहिला असेल आणि अभ्यासकाने ते प्राचल गाळले, तर १९९१ च्या अविभक्त धुळ्याशी २००१ च्या विभक्त धुळ्याची तुलना होऊन, प्रत्यक्षात न घडलेली मोठी घट दिसेल.

तात्पर्य, माहिती गाळल्याने उत्तराची केवळ व्याप्ती बदलत असेल व ती व्याप्ती उत्तरासोबत नमूद होत असेल, तर प्राचल ऐच्छिक ठेवावे. उत्तराचा अर्थच बदलत असेल, तर ते सक्तीचे करावे. 'मिसिंग'ने तपासून, ते नसल्यास 'स्टॉप'ने गणन थांबविणे हेच श्रेयस्कर होय.